दिसणारा आणि न दिसणारा

माझा एक आजार साऱ्या श्रीपूरला दिसला. दुसरा घरातल्यांनाही दिसला नाही.

पहिला कोडाचा. बी.एड.च्या वर्षी मनगटावर पांढरा ठिपका उमटला आणि खाला, चाची, शेजारणी साऱ्या हकीम झाल्या. मासळीवर दूध प्यायली असेल, असे एकीने ठरवूनच टाकले. 'अब इसका रिश्ता कैसे होगा?' दुसरीने अम्मीला हळूच विचारले. दोन स्थळे परत गेली.

पुढे मलमाने डाग पसरायचे थांबले. अम्मीने शुक्राना अदा केला. वर्षभरात मात्र मी थकू लागले. केस गळाले, वजन वाढले, सोलापूरच्या मे महिन्यात थंडी वाजू लागली. याला कुणी आजार म्हटले नाही. 'नोकरी लागली, सुस्ती आली,' एवढेच. अकलूजला रक्त तपासले तेव्हा टीएसएच वाढलेला निघाला.

उर्दू शाळेत मुलांना मी 'मुदाफअती निजाम' शिकवते, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणा. जंतूंना ओळखून मारणारे हे शरीराचे पहारेकरी. कोडात ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटतात. हाशिमोटोच्या आजारात थायरॉइड ग्रंथीवर. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी हा आजार १९१२ मध्ये नोंदवला. शरीरच आपल्या ग्रंथीवर हल्ला करते, हे १९५६ मध्ये उमगले. पहाऱ्याला आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधाला २०२५ चे नोबेल मिळाले.

म्हणजे माझा पहिला आजार जाऊन दुसरा आला नव्हता. बिघडलेल्या पहाऱ्याने आणखी एक घर गाठले होते. कोड असलेल्यांत थायरॉइडचे विकार इतरांपेक्षा जास्त आढळतात, ते याचमुळे.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांच्या 'श्वेता' संस्थेने कोड असलेल्यांना धीर दिला. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपटही याच विषयावरचा. कोड स्पर्शाने पसरत नाही, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच्या आडून येणारा थकवा अजून कुणाच्या नजरेत भरत नाही.

मी रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते. रमजानात तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलते. रोजे सुटत नाहीत. आपल्या घरात एखाद्या मुलीला कोड असेल, तर तिच्या रिश्त्याची फिक्र जरा बाजूला ठेवा. आधी तिची टीएसएचची तपासणी करून घ्या. आणि ती 'थकले' म्हणाली, तर तिला आळशी म्हणू नका.