कोणाचे दात पडू द्यायचे?

दोस्तांनो, दात पडणं ही काही फक्त पहिली-दुसरीतल्या मुलांची मक्तेदारी नाही. यंत्रांचेही दात पडतात बरं का! फरक एवढाच, की तुमचा दुधाचा दात पडला तर त्या जागी नवा आपोआप येतो. यंत्राचा दात पडला, तर मात्र पैसे घेऊन दुकानात जावं लागतं.

यंत्राचे दात म्हणजे गिअरचे दाते. उसाच्या रसवंतीत तुम्ही ते पाहिले असतील. बिडाची मोठमोठी चाकं एकमेकांच्या दात्यांत दाते अडकवून गरगर फिरत असतात आणि लाट्यांमधून ऊस चिपाड होऊन बाहेर पडतो. अगदी तसलेच गिअर, पण नखाएवढे किंवा नाण्याएवढे, रिमोटवर चालणाऱ्या ट्रकच्या पोटात असतात. ते धातूचे असावेत की प्लॅस्टिकचे, या एका प्रश्नावरून आमच्या घरी मागच्या मे महिन्यात चार दिवस खल चालला होता.

ट्रक माझ्या भाचीचा. ती आठवीत आहे. चारही चाकांना जोर असलेला, मोठ्या टायरांचा, दगडधोंड्यांवर चढणारा हा ट्रक तिला वाढदिवसाला मिळाला होता. आमच्या घरामागे मुरमाचा एक चढ आहे. गल्लीतली मुलं संध्याकाळी तिथे आपापल्या गाड्या घेऊन जमतात. एके दिवशी चढाच्या मध्यावर तिचा ट्रक थांबला. मोटर फिरत होती, आतून कर्रर्र असा आवाज येत होता आणि चाकं मात्र जागच्या जागी!

घरी आणून ट्रक उघडला. मागच्या आसातल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे चार दाते पार झिजून गुळगुळीत झाले होते. ताई, म्हणजे तिची आई, एवढंच म्हणाली, "एकदा दुरुस्त कर. तुझ्या पैशांनी कर. पुन्हा मोडला तर तो माळ्यावर जाईल."

भाचीच्या डब्यात साठवलेले ९०० रुपये होते. दुकानदाराने दोन पर्याय सांगितले. सगळे गिअर धातूचे घेतले तर ८५० रुपये. सगळे पुन्हा प्लॅस्टिकचेच घेतले तर २०० रुपये. गल्लीतल्या मुलांचं एकमत झालं होतं, "धातूचेच घे! लोखंड कधी मोडतं का?"

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय घेतलं असतं?

घाई करू नका. आधी ट्रकच्या पोटात काय चालतं ते बघू. मोटर मिनिटाला हजारो फेरे मारते, पण तिच्यात जोर कमी असतो. तिच्या दांडीवर एक छोटा गिअर असतो, त्याला पिनियन म्हणतात. आमच्या ट्रकच्या पिनियनला १२ दाते होते. तो ज्या मोठ्या गिअरला फिरवतो, त्याला स्पर गिअर म्हणतात. त्याला ६० दाते. ६० भागिले १२ म्हणजे ५. पिनियनचे पाच फेरे झाले की मोठ्या गिअरचा एक फेरा होतो. वेग पाच पटींनी कमी झाला, पण फिरवण्याचा जोर जवळजवळ पाच पटींनी वाढला! थोडा जोर घासण्यात वाया जातो, एवढंच. पुढे आसातले गिअर वेग आणखी कमी करतात आणि जोर आणखी वाढवतात. म्हणजे मोटरजवळच्या गिअरवर ताण कमी आणि चाकांजवळच्या गिअरवर सगळ्यांत जास्त. आमचे दाते मागच्या आसात का झिजले, ते आता कळलं ना?

आणखी एक गंमत पाहा. मोठ्या गिअरचा एक दाता एकदा कामाला लागतो, तेवढ्या वेळात पिनियनचा प्रत्येक दाता पाच वेळा कामाला लागलेला असतो. दोघं एकाच पदार्थाचे असले तर छोटा आधी झिजणार. म्हणून पुष्कळ ट्रकमध्ये पिनियन पोलादाचा असतो आणि त्याच्या शेजारचा मोठा गिअर प्लॅस्टिकचा.

"पण प्लॅस्टिक म्हणजे तकलादूच ना?" भाचीने विचारलं. तसं नाही. गिअरचं प्लॅस्टिक म्हणजे दह्याच्या डब्याचं प्लॅस्टिक नव्हे. ते बहुधा नायलॉन किंवा ॲसिटल असतं. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९३८ मध्ये सगळ्यांत आधी टूथब्रशच्या केसांसाठी विकायला आलं. आहे की नाही गंमत? आधी माणसांचे दात घासले आणि मग स्वतःच यंत्राचे दात झालं! नायलॉनचा गिअर चालताना आवाज कमी करतो, धक्का थोडा पोटात घेतो आणि तेलपाण्यावाचूनही बराच काळ सुरळीत फिरतो. शिवाय तो हलका असतो. तेवढ्याच आकाराचा पोलादी गिअर त्याच्या जवळजवळ सातपट जड भरतो. जड चाक फिरवायला जास्त ताकद लागते आणि ती ताकद येते बॅटरीतून.

मग प्लॅस्टिकचं वाईट काय? त्याला उष्णता सोसत नाही. मोटर तापली की गिअर मऊ पडतो. ॲसिटल तर साधारण १७५ अंश सेल्सिअसला वितळतंच. नायलॉन हवेतला ओलावा शोषून किंचित फुगतं. आणि फार जोर पडला की दाते सोलले जातात. धातूचं उलट. तो ताण सोसतो, उष्णता सोसतो, पण आवाज करतो, त्याला ग्रीस लागतं आणि तो धक्का पोटात घेत नाही, पुढे ढकलतो. शिवाय धातू म्हटलं की तो चांगलाच असेल असंही नाही. स्वस्त गिअर कधी कधी जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, ते फटकन तुटू शकतात.

एवढं सगळं कळूनही निर्णय होईना. कागदाच्या डाव्या बाजूला धातूचे गुण, उजव्या बाजूला प्लॅस्टिकचे. दोन्ही रकाने सारखेच लांब!

शेवटी भाची तो कागद घेऊन अण्णांकडे गेली. अण्णा म्हणजे माझे वडील. ३४ वर्षं ते लेथवर काम करत होते. पितळ, पोलाद, बीड, सगळ्यांवर त्यांचा हात फिरलेला. मला वाटलं, अण्णा धातूशिवाय दुसरं नाव घेणार नाहीत. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बाळ, तुला काय मोडलेलं चालेल?"

"म्हणजे? मला काहीच मोडायला नकोय, आजोबा."

"ते कुणाच्याच हातात नाही. चाक दगडात अडकणार, मोटर जोर लावणार, मग कुठेतरी काहीतरी जाणारच. ते कुठे जावं, एवढं आपण ठरवू शकतो."

मग त्यांनी आपल्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली. एका कारखान्यातल्या यंत्राच्या दांड्यात एक मऊ पिन बसवलेली असे. यंत्र अडकलं की ती पिन तुटायची. पिन बदलायला पाच मिनिटं लागायची. रोज रोज काय पिन बदलायची, म्हणून एका नव्या माणसाने तिथे कडक पोलादी बोल्ट ठोकून दिला. पुढच्या वेळी यंत्र अडकलं, बोल्ट काही तुटला नाही. तुटली ती आतली मोठी गिअरपेटी! आठ दिवस काम बंद. "बोल्ट मजबूत होता रे," अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले, "पण त्याचं कामच तुटण्याचं होतं."

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फ्यूजसारखं!"

अगदी बरोबर. पूर्वी घरोघरी चिनी मातीचे फ्यूज असत. त्यातली बारीक तार वितळायची आणि घरातली वायरिंग वाचायची. आता ते काम एमसीबी करतो. मिक्सरच्या भांड्याखाली फुलासारखं एक काळं चाक असतं ना, ज्याला दुकानदार कपलर म्हणतात? भांडं आत अडकलं की बऱ्याचदा ते आधी तुटतं आणि महागडी मोटर वाचते.

त्या रात्री भाचीने तिसरा पर्याय स्वतःच काढला. आसातले गिअर धातूचे घ्यायचे, कारण तिथे सगळ्यांत जास्त ताण आहे आणि ते बदलायचे तर अर्धा ट्रक खोलावा लागतो. मोटरशेजारचा मोठा गिअर प्लॅस्टिकचाच ठेवायचा, कारण तो चार स्क्रू काढले की हाताशी येतो. दुकानदाराने हिशेब केला. आसातले गिअर ४५० रुपये आणि प्लॅस्टिकचे तीन स्पर गिअर, एक बसवायला आणि दोन जवळ ठेवायला, प्रत्येकी ८० रुपयांप्रमाणे २४० रुपये. एकूण ६९०. डब्यात २१० रुपये उरले!

गिअर बसवताना तिने एक युक्ती वापरली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. पिनियन आणि मोठा गिअर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालायची, दोन्ही गिअर एकमेकांवर दाबायचे, मोटरचे स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची. पट्टीवर घड्या पडल्या पण ती फाटली नाही, तर अंतर बरोबर. अंतर फार कमी राहिलं तर गिअर घासून तापतात. फार जास्त राहिलं तर दाते फक्त टोकांवर टेकतात आणि लवकर सोलले जातात. आसाच्या बंद पेटीतल्या गिअरना तिने ग्रीस लावलं. बाहेरच्या उघड्या गिअरला लावलं नाही. का? मुरमाची धूळ ग्रीसला चिकटते आणि पॉलिश पेपरसारखी दाते घासत राहते.

तीन आठवडे ट्रक मजेत धावला. मग व्हायचं ते झालंच. पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं आणि पुन्हा तोच कर्रर्र आवाज. सगळी मुलं भोवती जमली. भाचीने खिशातून पेचकस काढला, चार स्क्रू सोडवले, सोललेला गिअर काढून नवा बसवला, कागदाची पट्टी फिरवली. दहा मिनिटांत ट्रक चढावर! ताई गॅलरीतून बघत होती. ट्रक माळ्यावर गेला नाही.

गल्लीतल्या एका मुलाच्या ट्रकचे सगळे गिअर धातूचे आहेत. त्याचा ट्रकही छान चालतो, कारण तो हळू चालवतो आणि चाक अडकलं की लगेच बोट काढतो. त्याच्यासाठी धातूच बरोबर. उड्या मारणाऱ्या, भरधाव पळणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा आणि हळूहळू दगड चढणाऱ्या ट्रकचा वेगळा. तेव्हा 'धातू चांगला की प्लॅस्टिक?' असं नुसतं विचारू नका. 'कुठे, किती ताण आणि मोडलं तर पुढे काय?' असंही विचारा.

आणि आईबाबांनो, एक विनंती तुम्हालाही. खेळणं मोडलं की ते लगेच फेकू नका, लगेच नवंही आणू नका. बॅटरी काढून ठेवा, पेचकस मुलांच्या हातात द्या आणि शेजारी बसा. आमच्या घरी परवा मिक्सर बंद पडला. ताई दुकानात फोन लावणार, तेवढ्यात भाचीने प्लग काढला, भांडं उलटं करून बघितलं आणि ओरडली, "आई, कपलरचे दात पडलेत!"

नवा कपलर आणायला ती स्वतःच गेली, त्या उरलेल्या २१० रुपयांतून.