मोहाडीचे प्राश्निक

भरताच्या नाट्यशास्त्रातील रसविचारावर मराठी समीक्षेने जितकी चर्चा केली, तितकी त्यातील सिद्धिविचारावर केलेली नाही. वास्तविक प्रेक्षकाच्या मताला शास्त्राचा विषय मानण्याचा तो फार जुना प्रयत्न आहे. स्मित, अर्धहास्य, अतिहास्य, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार, हळहळ यांची तेथे मानुषी सिद्धीची लक्षणे म्हणून नोंद होते. आदर्श प्रेक्षकाच्या गुणांची यादी दिल्यावर हे सारे गुण एकाच व्यक्तीत आढळत नाहीत, अशी कबुलीही भरत देतो. आणि प्रयोगाविषयी वाद उद्भवला तर निवाडा करणाऱ्या प्राश्निकांमध्ये तो धनुर्धर, चित्रकार, गणिका आणि राजसेवक यांनाही बसवतो. ज्याला जे कळते, त्याने त्याविषयी बोलावे, असा हा साधा न्याय आहे.

हेरपट आणि दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका या दोन प्रकारांविषयी बोलताना हा न्याय आठवावा लागतो. त्यांच्यावर समीक्षक क्वचितच लिहितात. मत मात्र प्रत्येकाला असते. ते मत जेवताना, पान लावताना, दिवा मालवण्यापूर्वी व्यक्त होते आणि तेथेच विरते.

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी हे चौंडेश्वरीच्या मंदिरामुळे आणि हातमागामुळे ओळखले जाणारे गाव. तेथील एका घरात मागाची जागा आता दूरचित्रवाणी संचाने घेतली आहे. समोर बसणारी माणसे चार : सत्तरी ओलांडलेला विणकर, त्याची पत्नी, सून आणि शाळकरी नात.

विणकराने तरुणपणी ‘फर्ज’ (१९६७) पाहिला होता. जितेंद्रचा एजंट ११६ त्याला आवडला. पण हेर म्हणून तो त्याला कधीच पटला नाही. ‘चोरून जानारा मानूस एवढा उजेडात काहाले नाचते?’ हा त्याचा आक्षेप अजून कायम आहे. वेशांतराचा प्रसंग आला की त्याची नजर नटाच्या चेहऱ्याकडे जात नाही, हातांकडे जाते. मजुराचे कपडे घातलेल्या नायकाचे तळवे मऊ दिसले की त्याच्यापुरता चित्रपट तेथेच संपतो. धनुर्धराने रंगमंचावरील धनुष्याची ओढ तपासावी, तशीच ही तपासणी आहे. हेरपटाचा सारा डोलारा वेशाच्या विश्वसनीयतेवर उभा असतो; त्यामुळे विणकराचा हा शेरा किरकोळ ठरत नाही, तो थेट या प्रकाराच्या मर्मावर बोट ठेवतो.

त्याच्या पत्नीचे मत ‘राझी’ (२०१८) पाहताना प्रकट झाले. १९७१च्या युद्धाच्या पार्श्वभूमीवर पाकिस्तानी लष्करी कुटुंबात सून म्हणून गेलेल्या तरुणीची ही कथा. ‘नव्या घरात पयल्या वर्षी सून हेरच असते,’ असे ती म्हणाली. कोण केव्हा उठतो, कोणाचा आवाज कोणापुढे खाली येतो, कोणती पेटी कोणाच्या ताब्यात असते, हे न विचारता जाणून घ्यावे लागते. सून यावर काही बोलली नाही. ती फक्त हसली. भरताने हे स्मित सिद्धीच्या खाती जमा केले असते. हान्स रोबर्ट याउसने ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हटले, ते येथे पूर्वी पाहिलेल्या हेरपटांनी आखलेले नव्हते. ते सासुरवासाने आखलेले होते.

विनोदाच्या बाबतीत मात्र प्रकरण अधिक अवघड होते. ‘चला हवा येऊ द्या’ (२०१४) मध्ये भारत गणेशपुरे वऱ्हाडीत बोलू लागले, तेव्हा या घराला आनंद झाला. वऱ्हाडी म्हणजे झाडीबोली नव्हे, हे विणकराला ठाऊक होते. तरी तो सूर त्याला शेजारचा वाटला. तेथे बोली बोलणारा माणूस प्रसंगाचा धनी होता, डाव त्याच्या हाती होता. पुढे कुठल्याशा प्रहसनात तशीच बोली एका बावळट नोकराच्या तोंडी आली. त्याने ‘ण’चा ‘न’ केला एवढ्यावरच पडद्यामागचे हशे वाजले. घरात नातही हसली. विणकर तेवढेच म्हणाला, ‘हासवते तं बेस, पन हासते कोनाले?’

हा प्रश्न विनोदमीमांसेतील मूलभूत प्रश्न आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतो. म्हणून त्याच्यावर हसणाऱ्या वाचकाच्या मनात तुच्छता शिरत नाही. झाडीपट्टीच्या खडी गंमतीत चेष्टा कमी बोचरी नसते. पण चेष्टा करणारा आणि चेष्टेचा विषय एकाच भाषेत बोलतात आणि समोरचा प्रेक्षक तेथल्या तेथे उत्तर देऊ शकतो. पडद्याला उत्तर देता येत नाही. स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्ये प्रेक्षकाच्या अर्थग्रहणाच्या तीन भूमिका सांगितल्या : संमतीची, तडजोडीची आणि विरोधाची. विणकराची भूमिका तडजोडीची म्हणावी लागेल. त्याने संच बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो पुन्हा त्याच कार्यक्रमासमोर बसला.

बदल झाला तो नातीत. मैत्रिणी आल्या असताना आजोबांनी ‘पानी’ मागितले, तेव्हा तिने आवाज खाली करून सांगितले, ‘आबाजी, पाणी म्हणा.’ त्या क्षणी विनोदाचे मूल्य ठरले. ते प्रेक्षकसंख्येत मोजता येणारे नव्हते, आणि समीक्षकाच्या उच्चनीच अभिरुचीच्या कोष्टकातही त्याला जागा नव्हती. विनोदाने एका घरातील एक शब्द लाजिरवाणा केला होता.

लोकप्रिय कलाकृतींची समीक्षा ‘प्रेक्षकांना हेच हवे असते’ या निर्मात्याच्या युक्तिवादावर आणि ‘प्रेक्षकांना काही कळत नाही’ या पंडिती तक्रारीवर आजवर विसंबून राहिली. दोहोंतही प्रेक्षक बहुवचनी आणि मुका आहे. भरताची प्राश्निकांची यादी वाढवून तिच्यात विणकराला हातांच्या आणि सासूला घराच्या पारखीसाठी बसवले, तर हेरपटाविषयी ठोस काही बोलता येईल. बोलीच्या विनोदाविषयी निवाडा देण्यासाठी मात्र ती बोली बोलणाराच हवा, आणि त्याला निवाडा त्याच बोलीत देता यायला हवा.

विणकराने नातीचे म्हणणे ऐकून घेतले. तो वाद घालीत बसला नाही. थोड्या वेळाने त्याने रिकामा पेला पुढे केला आणि पुन्हा ‘पानी’च मागितले.