मोहाखाली

गडचिरोलीतल्या भामरागडवर कुणी विमानातून बॉम्ब टाकले नाहीत. इथला स्फोट जमिनीतून येतो, रस्त्यात पुरलेल्या भूसुरुंगाचा. त्याला सायरन नसतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या लेकरांना निदान आकाशाकडे बघून घाबरता येत होतं. इथल्या पोरांना पायाखालच्या वाटेचाच भरवसा नाही.

८ ऑक्टोबर २००९ रोजी इथल्याच लाहेरीजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस मारले गेले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, तिच्या धामधुमीत बातमी मागे पडली. त्या दिवशी आसपासच्या गावांत किती पोरं आईला बिलगून बसली, हे कुठल्या पंचनाम्यात येत नाही. तेव्हाची पाच वर्षांची पोरं आता विशी ओलांडून गेलीत. त्यांना कुणी काही विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

मार्च-एप्रिलात मोहफुलं पडतात. उजाडायच्या आत माडिया आदिवासी बाया टोपल्या घेऊन रानात निघतात, पोरं मागोमाग. अशाच एका सकाळी डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. सहा-सात वर्षांच्या एका पोराने वर पाहिलंच नाही. त्याने आईच्या हाताकडे पाहिलं. हात चालूच होता. एक फूल, मग दुसरं. तेव्हा कुठे तोही वाकून वेचू लागला. आईचा हात क्षणभर जरी थबकला असता, तर टोपली तिथेच टाकून पळाला असता.

त्याच महायुद्धात मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धाची झळ लागलेल्या मुलांना सांभाळलं. १९४३ साली त्यांनी आपली निरीक्षणं मांडली. आई जवळ असली आणि ती डगमगली नाही, तर लहान मूल बॉम्बचा आवाजही बराचसा सोसतं. सुरक्षित राहावं म्हणून त्याला आईपासून दूर पाठवलं, तर ते जास्त खचतं.

हे वाचल्यावर लेकरांना घरापासून दूर ठेवणाऱ्या आपल्या आश्रमशाळा डोळ्यांपुढे येतात. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, पुढे तिथे निवासी शाळा आली आणि शिकलेल्या माडियांची एक पिढी उभी राहिली. शाळा हवीच, त्यात वाद नाही. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा रात्री वसतिगृहावर वीज कडाडली, तर नुकतंच घर सोडून आलेल्या, मराठी धड न कळणाऱ्या लेकराने कुणाच्या तोंडाकडे पाहायचं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. बंदूक खाली ठेवणाऱ्यासाठी सरकारची पुनर्वसन योजना आहे. असावीच. तशीच एक या पोरांसाठीही काढा. मानसोपचाराला दूर गडचिरोली गाठायची, तर आईची मजुरी बुडते. त्यापेक्षा प्रत्येक आश्रमशाळेत माडिया बोलणारी एक समुपदेशक नेमा, आणि भेटायला आलेल्या आईला चार दिवस लेकराजवळ राहता येईल अशी एक खोली बांधा.