घरीं आंखलेला पट

आषाढांत कशेळ्यास झड लागली म्हणजे मुलें घरांत कोंडतात. संगणकावरून विनामूल्य छापून घेण्याजोगे पट आहेत खरे. परंतु आम्ही मुलांकडून लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पट आंखवितों. स्वतः आंखलेला पट मुलें जपतात.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ३४ व्या सूक्तांतला जुगारी बेहड्याच्या फाशांपायीं सर्वस्व गमावून बसतो. म्हणून फाशांवांचूनची वाघबकरी आम्हांस प्रिय. ती आम्ही नेपाळी बाघचालीच्या नियमांनीं खेळतों. पांच उभ्या, पांच आडव्या रेघा, दोन कर्ण आणि बाजूंचे मध्य जोडणाऱ्या तिरप्या रेघा. असे २५ बिंदु. चार कोंपऱ्यांत चार खडे हे वाघ, २० चिंचोके ह्या बकऱ्या. आळीपाळीनें एक बकरी मांडावी, एक वाघ हलवावा; सर्व मांडून झाल्यावरच बकऱ्यांनीं चालावें. वाघानें बकरीवरून सरळ रेषेंत पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी घेतली कीं ती गेली. पांच गेल्यास वाघ जिंकले. चारी वाघ कोंडले तर बकऱ्या.

पाठीशीं दुसरी उभी असली कीं वाघाची उडी खुंटते. आमच्या घरीं वेगळ्या चुलींची भाषा अधूनमधून निघते. त्यावर आम्ही उपदेश करीत नाहीं. मुलांच्या बापांनाही पटावर बसवितों.