भातलावणीच्या दिवसांतला प्रोजेक्ट

तळेगावात एमबीबीएस करताना दुसऱ्या वर्षालाच मी ठरवून टाकलं होतं, ऑर्थोच घ्यायचं. साहजिकच आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपसाठी प्रोजेक्टही ऑर्थोचाच हवा, असं धरून चालले होते. १९७९पासूनची ही योजना. गाईड गाठायचा, प्रस्ताव पाठवायचा आणि मंजूर झाला तर दोन महिन्यांत काम उरकायचं. तळेगावात ऑर्थोला विषयांची वाण नाही. एक्स्प्रेस वे आणि जुना हायवे दोन्ही उशाशी आहेत.

प्रोजेक्ट कुठल्या ब्रँचचा घ्यावा यावर हॉस्टेलवर रात्ररात्र खल चाले. अमेरिकेला निघालेल्यांचं गणित सरळ होतं. तिकडे रेसिडेन्सीच्या अर्जात पेपर दाखवावे लागतात, म्हणून ज्या ब्रँचला जायचं तिचेच पेपर. पैसे भरले की छापून देणारी जर्नल्सही काहींनी हेरून ठेवली होती. पण इथेच राहणाऱ्यांनी त्यांची री का ओढायची? आपल्याकडे ब्रँच मिळते ती नीट-पीजीच्या रँकवर, तिथे पेपर कुणी विचारत नाही. मग निदान दोन महिने तरी मनाजोगता विषय घ्यायला काय हरकत आहे?

पहिला मोह लोणावळ्याचा. योगावर संशोधन करणारं कैवल्यधाम तिथलंच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते काढलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं, आणि नौली-उड्डियान करताना पोटात काय घडतं ते क्ष-किरणांखाली पाहिलं. प्राणायाम आणि रक्तदाब असा विषय मनात घोळत होता. पण नवशिक्यांना प्राणायाम अंगवळणी पडेपर्यंतच दोन महिने सरणार, मग मोजायचं कधी? विषय चांगला, पण माझ्या मापाचा नव्हता.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण मला पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, मॅडमनी दिलं. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण दगावताना त्यांनी पाहिले ते एमडी होण्याआधी. प्रश्न आधी भेटला, एमडी मागून झालं. मग मॅडमनी विचारलं, “जुलैत मावळात काय चालतं गं?”

भातलावणी! आणि लावणी म्हणजे चिखल्या. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून चिरते, आग होते, पण पाय पुन्हा त्याच चिखलात. प्रश्न साधा होता : यातल्या किती बुरशीच्या आणि किती नुसत्या पाण्याच्या?

कामशेतच्या पुढच्या खाचरांवर आम्ही दुपारी जायचो, कारण बायका भाकरीपुरत्याच बांधावर येत. एका मावशींनी संमतीपत्रावर अंगठा टेकवला, तर कागदावर नुसता निळा डाग. दिवसभर आवण काढून बोटांची सालं सुरकुतली होती, रेघच उठेना. पदराला पुसून त्यांनी पुन्हा टेकवला, पुन्हा डाग. शेवटी शेजारच्या सुनेने साक्षीदार म्हणून सही केली. मावशी म्हणाल्या, “कागूद ऱ्हाऊ दे पोरी, आधी औषध सांग.”

तपासणीच्या तक्त्यात ‘लाली : आहे/नाही’ असा रकाना होता. इथे निम्म्या पायांना मेंदी! चिखल्यांवर रात्री मेंदी थापून झोपायची इथली रीत, त्यामुळे पाय आधीच केशरी. लाली शोधणार कुठे? मॅडमनी तो रकाना काढूनच टाकला. पुस्तक लिहिणाऱ्यांनी लावणीतले पाय पाहिले नसावेत.

बेचक्यातली साल खरवडून आणायची, काचेवर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, पेशी विरघळल्या की बुरशीचे धागे शोधायचे. हे धागे काही काचांवर लख्ख दिसले, बऱ्याच काचांवर काहीच नाही. तिथे पाय कोरडे ठेवणं हाच उपाय, आणि तो सांगायचा कुणाला? गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बाईला? गमबूट सुचवले तर बांधावर हशा पिकला. चिखलात बूट रुतून बसतो आणि पाय तेवढा वर येतो, हे त्यांनी मला करूनच दाखवलं.

आता इंटर्नशिप चालू आहे. ऑर्थो की स्किन, ते रँक ठरवेल. माझं मन दोन्हीकडे आहे आणि घरच्यांचं तिसरीकडेच, रेडिओलॉजीकडे. ज्युनिअर्स विषयांची यादी घेऊन येतात आणि ‘ऑर्थोला कुठला उपयोगी पडेल?’ म्हणून विचारतात. मी त्यांना उलट विचारते, गाईड त्या दोन महिन्यांत रजेवर तर नाहीत ना, आणि पेशंट तुम्हाला नक्की कुठे भेटणार? बहुतेकांनी यातलं काहीच पाहिलेलं नसतं. एथिक्स कमिटीची तारीख मात्र सगळ्यांना पाठ असते.