वाडीतला मांगर

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या वाडीत कुदळी, फावडी, कोयते, घमेली आणि आंबे उतरवायची घळ ठेवायला मांगर हवा होता. जागा खोलीभर, पण सामान निवडताना घराहून जास्त विचार करावा लागला. राहत्या घरावर माणसाची रोज नजर असते. मांगराकडे आठ-आठ दिवस कोणी फिरकत नाही, आणि पाऊस तेव्हाही कोसळतच असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी, समुद्राची खारी हवा आणि जमिनीतून वर चढणारी वाळवी, या तिघांना विचारल्याशिवाय इथे काही उभं करू नये.

भिंत जांभ्याच्या चिऱ्याचीच, यावर माझं मन कधी डळमळलं नाही. खाणीतून निघतो तेव्हा जांभा ओला आणि इतका मऊ असतो की हत्याराने कापता येतो. वारा-ऊन लागलं की त्यातलं लोह घट्ट होतं आणि चिरा कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने केरळात हाच दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराईट’ असं नाव दिलं. जवळ जाऊन पाहावा असा हा दगड आहे. तांबड्यात मध्येच हळदी रंगाची शीर, वाटाणा बसेल एवढी छिद्रं, कुठे जांभळट डाग. एका छिद्राचं तोंड कुंभारीण माशी मातीने लिंपून जाते. श्रावणात त्यावर शेवाळ चढतं तेव्हा हात फिरवल्यावाचून मला राहवत नाही. गिलावा करून हे सगळं झाकायचं कशाला? दरजा नीट भरल्या की पुरे.

लाकडाचं आमच्या सुतारकाकांनी एका वाक्यात सांगितलं, “लाकूड जमिनीक टेकवू नको रे बाबा, वाळवी लागतली.” म्हणून खांब चिऱ्याच्या उंच जोत्यावर. आतल्या माळ्याला बांबू. तो पावसाळा सरल्यावर तोडलेला आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेला हवा. बांबूतलं पिठूळ सत्त्व पाण्यात उतरतं, मग त्याच्यासाठी येणाऱ्या भुंग्याला खायला फारसं उरत नाही.

खरा पेच छपराचा. लोखंडी पत्रा स्वस्त, एका दिवसात चढतो. पण खाऱ्या हवेत जस्ताचा लेप उडाला की गंज धरतो, आणि एप्रिलमध्ये आत उभं राहवत नाही. मे २०२१च्या तौक्ते वादळात पत्र्यांचं काय होतं ते किनाऱ्याने पाहिलं आहे. सिमेंटचा पत्रा तर मला दारातही नको. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. कापताना, भोक पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

उरली मंगलोरी कौलं. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या प्लेब्स्टने १८६५ साली मंगळुरात कारखाना घातला, तिथून ती या किनाऱ्यावर पसरली. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, ना खिळा ना सिमेंट. फटींतून गरम हवा निघून जाते, पाणी मात्र आत येत नाही. उतार तेवढा पुरेसा हवा. मध्ये एक काचेचं कौल घातलं की दुपारी उजेडाचा चौकोन कोयत्यांच्या पात्यांवरून हळूहळू सरकत जातो. वानराने उडी मारून कौल फोडलं, तर तेवढं एकच बदलायचं. मृगाआधी कौलं परतायची, हे दरवर्षीचं काम खरं, पण त्या निमित्ताने माणूस छपरावर चढतो आणि कुठे काय कुजलंय ते वेळेवर कळतं. एवढ्यासाठीसुद्धा मी कौलांनाच कौल देईन.

तुम्ही मांगर बांधणार असाल तर एक ऐका. शंभरेक कौलं जास्तीची घेऊन आडोशाला रचून ठेवा. जुने कारखाने बंद पडत आहेत, आणि एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही.