जर्मनीत कापलेला कर

नाशिक
20 फेब्रुवारी 2025

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या आयकर खात्याच्या दोन्ही सूचना वाचल्या, त्यांच्याबरोबरची विवरणपत्रंही पाहिली. फोनवर तू एकच विचारत होतीस की जर्मनीत कर कापून झाला असताना तोच कर इथे पुन्हा का भरायचा. भरायचा नाही. पण ते खात्याच्या गळी उतरवण्याची वाट दोन्ही वर्षांसाठी वेगळी आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. पत्र दादालाही वाचायला दे. 'डिमांड' हा शब्द ऐकल्यापासून त्याची झोप उडाली आहे.

तू जानेवारी ते ऑगस्ट 2023 तिकडे होतीस आणि पगार तिथल्या पेरोलवर होता. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे तो पगार दोन वर्षांत विभागला गेला. पहिल्या तीन महिन्यांचा 2022-23 मध्ये आला, उरलेला 2023-24 मध्ये. दोन्ही वर्षी तू 182 दिवसांहून जास्त भारतात होतीस, म्हणजे कायद्याने इथलीच रहिवासी, आणि तुझ्यासारख्या कायमच्या रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असतं. काम तिथे केलंस म्हणून जर्मनीने कर घेतला, तू इथली म्हणून भारत मागतो. दोघांपैकी कुणीच बेकायदा वागत नाही. म्हणून तर दोन्ही देशांत 1995 साली करार झाला, आणि जर्मनीत भरलेल्या कराचं क्रेडिट भारताने द्यायचं, असं त्याचं 23 वं कलम सांगतं. तुझा हक्क तिथून येतो. आयकर कायद्याचं 90 वं कलम या करारांना इथे बळ देतं आणि करदात्याला करार किंवा कायदा यांतलं जे फायद्याचं असेल ते घ्यायची मुभाही देतं.

1 एप्रिल 2017 पासून नियम 128 लागू आहे. क्रेडिट हवं तर परदेशी उत्पन्न आणि कर यांचा तपशील फॉर्म 67 मध्ये पोर्टलवर द्यायचा, सोबत कराचा पुरावा जोडायचा. तू विवरणपत्रात क्रेडिट मागितलंस, परिशिष्टंही नीट भरलीस, पण हा फॉर्म दोन्ही वर्षी गेलाच नाही. यंत्राला फॉर्म सापडला नाही, त्याने क्रेडिट शून्य धरलं आणि वर व्याज लावलं.

पूर्वी हा फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीच्या आत, म्हणजे पगारदारांनी साधारण 31 जुलैपर्यंत भरायचा होता. ती मुदत मला पहिल्यापासून अडाणीपणाची वाटत आली. जर्मनी, अमेरिका यांचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. अमेरिकी शेअरवर जानेवारी-मार्चमध्ये मिळालेल्या लाभांशातून कर कापला जातो, पण त्याचं वार्षिक प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये मिळतं. तो कागद जुलैत आणायचा कुठून? जुनी मुदत असती तर तुझंही तेच झालं असतं. 2023 च्या जुलैत तू तिकडेच होतीस, वर्षाचं वेतनकर प्रमाणपत्र हातात यायचं होतं. पण त्याआधीच 18 ऑगस्ट 2022 च्या अधिसूचनेने सरकारने मुदत वाढवली होती. विवरणपत्र वेळेत किंवा उशिराच्या मुदतीत भरलेलं असेल, तर फॉर्म 67 संबंधित आकारणी वर्ष संपेपर्यंत चालतो. एक बारीक गोष्ट मात्र तुझ्या सल्लागाराने तुला सांगायला हवी होती. परदेशी खात्याचं प्रमाणपत्र नसलं तरी करदात्याने स्वतःच्या सहीचं निवेदन आणि कर कापल्याचा पुरावा जोडला तरी नियमाला पुरतं. म्हणजे जर्मन पगारपत्रकांवर काम भागलं असतं.

आता हिशेब बघ. 2023-24 चं आकारणी वर्ष 31 मार्च 2025 ला संपतं. म्हणजे दुसऱ्या सूचनेबाबत तुला उशीर झालेलाच नाही! फॉर्म भर, त्याची पोचपावती घे, मगच कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज कर. क्रम चुकवू नकोस. दुरुस्ती होते ती दप्तरावरून उघड दिसणाऱ्या चुकीची, आणि फॉर्म दप्तरात नसेल तर चूक दिसणार कुठे? ही सूचना 3 फेब्रुवारीची आहे, म्हणजे अपिलाचे 30 दिवस 5 मार्चला संपतात. दुरुस्तीच्या भरवशावर तो हक्क सोडू नये असं माझं मत. अपिलाचं शुल्क हजार रुपये आहे, रक्कम पाहता ते काहीच नाही.

खरा उशीर 2022-23 चा. त्या फॉर्मची मुदत 31 मार्च 2024 लाच गेली. डिसेंबर 2023 मध्ये सूचना आली तेव्हाही तीन महिने हातात होते, पण ती मेलच्या ढिगात पडून राहिली. असो. हे वर्षही हातचं गेलेलं नाही, कारण नेमक्या याच मुद्द्यावर बरेच निकाल आहेत. 2021 मध्ये बंगळुरूच्या ट्रिब्युनलपुढे ऑस्ट्रेलियात नोकरी केलेल्या एका बाईंचं प्रकरण आलं. त्यांनीही फॉर्म उशिरा भरून दुरुस्ती मागितली होती आणि ती नाकारली गेली होती. ट्रिब्युनलने म्हटलं की फॉर्म उशिरा आला तर क्रेडिट बुडेल असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही, मुदत ही कामकाजाच्या सोयीची आहे आणि करार नियमापेक्षा वरचढ आहे. मुंबईच्या ट्रिब्युनलने 2022 मध्ये अभिनेत्री सोनाक्षी सिन्हाच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. पुढे ऑक्टोबर 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने केनियातल्या उत्पन्नाच्या एका प्रकरणात उशिरा आलेला फॉर्म विचारात घ्या असं सांगितलं. पण त्या गृहस्थांचा फॉर्म सूचना निघण्याआधी पोचला होता. तुझा तिच्यानंतर जाणार, त्यामुळे तो निकाल तुला जसाच्या तसा लागू होत नाही. बंगळुरूचा जास्त जवळचा.

उलटं मतही आहे, ते लपवत नाही. विशाखापट्टणमच्या ट्रिब्युनलने 2022 मध्ये मुदत बंधनकारक मानून क्रेडिट नाकारलं. शिवाय खात्याकडून विप्रोच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल पुढे केला जातो. करसवलत हवी असेल तर त्यासाठीची घोषणा मुदतीतच द्यायला हवी, असं त्यात म्हटलं आहे. मला तो दाखला इथे लंगडा वाटतो. ती सवलत कायद्याने स्वतःहून दिलेली होती, तिच्या अटी कडक असू शकतात. इथे तू काही माफ करून मागत नाहीस. कर भरलेला आहे, फक्त दुसऱ्या सरकारच्या तिजोरीत, आणि तो मान्य करू असं भारताने करारात लिहून दिलं आहे. आपल्या बाजूचे निकाल संख्येने जास्त आहेत, पण सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द नसल्यामुळे खालच्या पातळीवर नकार येऊ शकतो हे धरून चाल.

तर त्या वर्षाचाही फॉर्म आता भर आणि दुरुस्ती माग. सूचना 2023-24 या आर्थिक वर्षात निघाली, म्हणून त्यासाठी 31 मार्च 2028 पर्यंत वेळ आहे. नाकारली तर त्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपील. तोवर पोर्टलवर डिमांडशी असहमती नोंदव. गप्प बसलीस तर थकबाकीवर दरमहा एक टक्का व्याज चढतं आणि पुढच्या वर्षीचा परतावा तिच्यात वळता होऊ शकतो.

आकड्यांबद्दल माझा आग्रह जरा जास्त आहे, कारण तुझ्या विवरणपत्रातला क्रेडिटचा आकडा मला खटकला. जर्मन पगारपत्रकात एकूण जितकं कापलं गेलं ते सगळं तू कर म्हणून धरलेलं दिसतंस. वेतनकर आणि त्यावरचा अधिभार धर. पेन्शन विमा, आरोग्य विमा, बेकारी विमा हे कर नव्हेत, त्यांचं क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट मिळतं तेही दोन्ही देशांच्या करांपैकी कमी असलेल्या रकमेइतकं. समजा त्या पगारावर तिकडे साडेचार लाख गेले आणि इथे चार लाख होत असतील, तर चारच मिळतील, वरच्या पन्नास हजारांवर पाणी सोडायचं. रुपयांत बदलताना स्टेट बँकेचा तार हस्तांतरणाचा खरेदी दर लागतो, आणि तोही कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. मे महिन्यात कापलेल्या कराला 30 एप्रिलचा दर. सगळ्याला एकच सरासरी दर लावून मोकळी होऊ नकोस.

आणखी एक. तू तिथलं विवरणपत्र भरलं आहेस का? दरमहा कर कापताना वर्षभर पगार चालू राहील असं धरलेलं असतं, त्यामुळे मधेच परतलेल्यांना तिकडून बऱ्याचदा काही रक्कम परत मिळते. मिळाली असेल तर तेवढ्या कराचं क्रेडिट इथे मागायचं नाही. दोन्हीकडून घेणं हे दोन्हीकडे भरण्याइतकंच चुकीचं, आणि उद्या तपासणीत निघालं तर उशिराच्या फॉर्मबद्दल कुणी सहानुभूती दाखवणार नाही.

यंदा पाडवा 30 मार्चला, रविवारी आहे आणि मुदत सोमवारी संपते. त्या सोमवारची वाट पाहू नकोस. या रविवारी बसून दोन्ही वर्षांची पगारपत्रकं, वेतनकर प्रमाणपत्र आणि जर्मन कर खात्याचा आकारणी आदेश आला असेल तर तो, असं सगळं मला पाठव. आकडे मी तपासते, फॉर्म तू भर, आणि 5 मार्चच्या आत अपील दाखल कर.

तुझी,
आत्या